आरसा, खिडकी आणि सुखान्त : अलीकडील वैविध्यपूर्ण इंग्रजी किशोर-युवा व प्रणयकादंबऱ्यांविषयी एका वाचकाचे विवेचन

बीजसंज्ञा : किशोर-युवा साहित्य, प्रणयकादंबरी, वैविध्य, प्रतिनिधित्व, स्वानुभव, सुखान्त

प्रस्तावना :

द्वितीय वर्ष कला शाखेतील एका विद्यार्थिनीला प्रस्तुत लेखिकेने संध्या मेनन यांची 'व्हेन डिंपल मेट ऋषी' ही इंग्रजी कादंबरी अवांतर वाचनासाठी दिली होती. पंधरा दिवसांनी पुस्तक परत करताना ती म्हणाली, "मॅडम, आवडलं. ह्यात शेवटी कुणाला मारून टाकत नाहीत." समीक्षेच्या परिभाषेत हे विधान बसत नाही; तथापि त्यात एक गंभीर साहित्यिक प्रश्न दडलेला आहे. प्रेमकथा म्हटली की तिचा शेवट मृत्यूत, विरहात अथवा तडजोडीत होणार, असे त्या मुलीने गृहीत धरलेले होते. हे गृहीतक तिच्या मनात कोठून आले आणि एका हलक्याफुलक्या समजल्या जाणाऱ्या कादंबरीने त्याला धक्का का द्यावा, या विचारातून प्रस्तुत लेखाची निर्मिती झाली आहे.

गेल्या दशकभरात अमेरिका व इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या, वैविध्याचा पुरस्कार करणाऱ्या काही निवडक किशोर-युवा व प्रणयकादंबऱ्यांचा येथे विचार केला आहे. ही सर्वेक्षणात्मक पाहणी नव्हे. एका वाचकाची मते आहेत. एम.फिल.च्या अभ्यासात एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीतील विवाह-कथानकाशी परिचय झाल्यामुळे या मतांना एक विशिष्ट दिशा मिळाली आहे, हेही प्रारंभीच नमूद केलेले बरे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

'यंग अडल्ट' या इंग्रजी संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द रूढ नाही. आपल्याकडे 'कुमारसाहित्य' ही संज्ञा आहे. परंतु तिचा रोख प्रामुख्याने शाळकरी वयाकडे असतो. येथे साधारणतः १२ ते १८ वर्षे वयाच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या साहित्यासाठी 'किशोर-युवा साहित्य' हा शब्द योजला आहे. 'प्रणयकादंबरी' म्हणजे जिच्या केंद्रस्थानी प्रेमकथा आहे आणि जिचा शेवट वाचकाला भावनिक समाधान देणारा व आशादायी आहे, अशी कादंबरी. या प्रकारात सुखान्त हा लेखकाच्या इच्छेचा भाग नसून वाचकाशी केलेला करार असतो. 'वैविध्य' या शब्दाने वंश, वर्ण, धर्म, लैंगिकता, अपंगत्व, आजार आदी कारणांनी मुख्य प्रवाहातील साहित्यात ज्यांना स्थान मिळाले नाही अशा व्यक्तींचे चित्रण अभिप्रेत आहे.

पार्श्वभूमी :

हा प्रश्न नवा नाही. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली 'सॅटर्डे रिव्ह्यू' या नियतकालिकात अमेरिकेतील बालसाहित्याचे विश्व संपूर्णतः गोऱ्यांचे असल्याचे दाखवून दिले. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांहून अधिक पुस्तकांपैकी केवळ ६.७ टक्के पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील कोऑपरेटिव्ह चिल्ड्रेन्स बुक सेंटर या संस्थेने १९८५ मध्ये अशी मोजणी सुरू केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २५०० पुस्तकांपैकी अवघी १८ पुस्तके कृष्णवर्णीय लेखक वा चित्रकारांची आढळली.

या आकडेवारीला संकल्पनेचे अधिष्ठान दिले ते रुडीन सिम्स बिशप यांनी. १९९० मधील आपल्या लेखात त्यांनी पुस्तकाला आरसा, खिडकी आणि सरकते काचेचे दार अशा तीन उपमा दिल्या. आरशात वाचक स्वतःला पाहतो, खिडकीतून दुसऱ्याचे जग पाहतो आणि दार सरकवून त्या जगात प्रवेश करतो. ज्या मुलांना पुस्तकांत आरसाच मिळत नाही, त्यांना आपण समाजाच्या लेखी बिनमहत्त्वाचे आहोत हा धडा मिळतो. आणि ज्यांना केवळ आरसेच मिळतात, त्यांनाही स्वतःच्या महत्त्वाविषयी विपरीत कल्पना होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनाचा दुसरा भाग पुष्कळदा विसरला जातो.

२०१४ च्या मार्च महिन्यात ज्येष्ठ लेखक वॉल्टर डीन मायर्स यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये हाच प्रश्न पुन्हा मांडला. आदल्या वर्षीच्या सुमारे ३२०० बालपुस्तकांपैकी फक्त ९३ पुस्तके कृष्णवर्णीयांविषयी होती. त्याच वर्षी 'वुई नीड डायव्हर्स बुक्स' ही चळवळ उभी राहिली आणि प्रकाशन व्यवसायाला तिची दखल घ्यावी लागली.

प्रणयकादंबरीच्या क्षेत्रातील चित्र अधिक विसंगत होते. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही लेखक-संघटना १९८० मध्ये स्थापन झाली. तिच्या स्थापनेत व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेचा पुढाकार होता. असे असूनही या संघटनेचा 'रीटा' पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकेला प्रथम मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस, एका पुस्तकातील वांशिक चित्रणावर टीका केल्यामुळे कोर्टनी मिलान या लेखिकेवर संघटनेने कारवाई केली आणि त्यातून मोठे वादळ उठले. 'रीटा' पुरस्कार बंद झाला; त्याच्या जागी स्टीफन्स यांच्या नावाने नवा पुरस्कार सुरू करण्यात आला; २०२४ मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. कॅलिफोर्नियातील 'द रिप्ड बॉडिस' या ग्रंथविक्रेत्यांच्या अहवालानुसार प्रमुख प्रकाशकांच्या प्रणयकादंबऱ्यांत गौरेतर लेखकांचे प्रमाण २०१६ मध्ये ७.८ टक्के, तर २०१७ मध्ये ६.२ टक्के होते. ज्या साहित्यप्रकारात सुखान्त हमखास मिळतो, त्याच्या दारात इतका अडसर असावा, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

किशोर-युवा कादंबऱ्या : तीन उदाहरणे

अँजी थॉमस यांची 'द हेट यू गिव्ह' ही कादंबरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा वर्षांची स्टार कार्टर ही कृष्णवर्णीय मुलगी गरीब वस्तीत राहते आणि श्रीमंत, बहुतांशी गोऱ्या मुलांच्या शाळेत शिकते. तिच्या डोळ्यांदेखत तिचा बालमित्र खलील पोलिसाच्या गोळीने मारला जातो. कादंबरीचे मोठेपण या घटनेच्या भीषणतेत नसून स्टारच्या दुहेरी भाषेत आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. शाळेत ती वस्तीतले शब्द गिळून टाकते, घरी शाळेतला सूर बाजूला ठेवते. गावाकडची बोली वर्गाच्या दाराबाहेर ठेवून आत येणारे विद्यार्थी आपण रोज पाहतो. त्यांना ही कसरत समजावून सांगावी लागत नाही. स्टारचे आईवडील, त्यांची थट्टामस्करी, त्यांचे भांडण व समेट यांचे चित्रण शोकात्म घटनेइतक्याच बारकाईने केलेले आहे. त्यामुळे हे कुटुंब केवळ अन्यायाचा दाखला राहत नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ही कादंबरी अनेकदा आली, यावरून तिने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले असल्याचे दिसते.

निकोला यून यांची 'द सन इज ऑल्सो अ स्टार' (२०१६) ही एका दिवसाची कथा आहे. जमैकातून आलेल्या नताशाच्या कुटुंबाला त्याच रात्री देश सोडायचा आहे. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये तिची कोरियन-अमेरिकन डॅनियलशी गाठ पडते. मध्येमध्ये येणारी छोटी प्रकरणे सुरक्षारक्षक, वकील अशा गौण पात्रांची कथा सांगतात. नताशाला वाचवू शकला असता तो वकील स्वतःच्या प्रेमप्रकरणात गुंतल्यामुळे न्यायालयात पोहोचत नाही. एकाचे प्रेम दुसऱ्याच्या प्रेमाच्या आड येते, ही कल्पना या कादंबरीला नेहमीच्या योगायोगकथांच्या वर नेते. प्रेम जिंकते, परंतु कायदा हटत नाही. नताशाला जावेच लागते. दहा वर्षांनंतरच्या उपसंहारात त्या दोघांची पुन्हा भेट घडवून लेखिका आशेला जागा ठेवते. हा शेवट काहीसा जुळवून आणलेला वाटतो, हे मान्य करूनही तो अप्रामाणिक वाटत नाही. कारण मधल्या दहा वर्षांची किंमत लेखिकेने लपविलेली नाही.

'व्हेन डिंपल मेट ऋषी' (२०१७) या कादंबरीत आपल्या वाचकाला सर्वाधिक जवळीक वाटावी. डिंपल शाह हिला संगणक-अभ्यासवर्गात जायचे आहे. तिच्या मधुमेही वडिलांसारख्या रुग्णांसाठी तिला एक ॲप तयार करायचे आहे. ऋषी पटेलला मात्र आईवडिलांनी ठरविलेल्या विवाहात काहीच वावगे वाटत नाही. मुलगी आधुनिक आणि मुलगा परंपरेचा अभिमानी, ही मांडणी ताजी आहे. परंपरा म्हणजे केवळ जाच आणि अमेरिका म्हणजे मुक्ती, असे सोपे समीकरण लेखिकेने मांडलेले नाही, हा या कादंबरीचा विशेष.

मात्र येथेच तिची मर्यादाही दिसते. शाह व पटेल ही आडनावे ऐकताच आपल्याकडील वाचकाच्या मनात प्रांत, भाषा, ज्ञाती असे अनेक प्रश्न उभे राहतात. कादंबरीत त्यांचे एकच उत्तर आहे : 'भारतीय'. पात्रांच्या बोलण्यात हिंदी शब्द येतात आणि भारताची विविधता त्या शब्दांत सामावून जाते. दोन कुटुंबांनी परस्परांच्या मुलांची गाठ घालून द्यावी, पण त्यात जात हा प्रश्न म्हणून उभा राहू नये, हे चित्र अमेरिकेतील वाचकाला खटकणार नाही. आपल्याला ते खटकते. अमेरिकेच्या संदर्भात जे वैविध्य आहे, तेच भारताच्या संदर्भात एकसुरी ठरू शकते. आरसा कोणत्या भिंतीवर टांगला आहे, यावर त्यात काय दिसणार हे अवलंबून असते.

प्रणयकादंबऱ्या : शरीर, आजार आणि भिन्नता

हेलन होआंग यांच्या 'द किस कोशंट' (२०१८) या कादंबरीची नायिका स्टेला लेन ही स्वमग्न व्यक्ती असून अर्थमितीतज्ज्ञ आहे. स्पर्श व जवळीक तिला अवघड जाते. म्हणून ती पैसे देऊन मायकल फान या तरुणाला शिकवणीसाठी नेमते. लेखिकेला स्वतःला २०१६ मध्ये, प्रौढ वयात, स्वमग्नतेचे निदान झाले होते. कादंबरीत प्रारंभी स्टेलाला वाटते की आपल्यात दुरुस्ती झाली पाहिजे. शेवटी तिला उमगते की दुरुस्ती करण्याजोगे काही बिघडलेलेच नव्हते. हा प्रवास मनापासून लिहिलेला आहे. उत्तरार्धातील गैरसमज व दुरावा मात्र साच्यातील आहे. दोघांनी दहा मिनिटे नीट बोलून तो मिटला असता, असे वाचताना वारंवार वाटते.

त्यांच्याच 'द ब्राइड टेस्ट' (२०१९) मध्ये हो ची मिन्ह शहरातील हॉटेलात सफाईचे काम करणाऱ्या एस्मेला, आपल्या स्वमग्न मुलाची वधू व्हावी या हेतूने एक आई अमेरिकेत आणते. येथे वैविध्याच्या दोन बाजू एकमेकींसमोर येतात. खाई भिन्न आहे, पण त्याच्याजवळ नागरिकत्व व पैसा आहे. एस्मेजवळ यांपैकी काहीच नाही. या विषमतेचा प्रश्न कादंबरी उपस्थित करते, परंतु शेवटी तो सोयीस्कर योगायोगाने सोडविते. तथापि एस्मेचा स्वाभिमान आणि शिकण्याची ओढ वाचकाच्या स्मरणात राहते.

टालिया हिबर्ट यांची 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन' (२०१९) ही या गटातील सर्वांत समाधान देणारी कादंबरी होय. इंग्लंडमधील सधन कृष्णवर्णीय कुटुंबातील क्लोईला फायब्रोमायल्जिया हा दीर्घकालीन वेदनेचा आजार आहे. नायक रेड हा गोरा, श्रमजीवी वर्गातील, तिच्या इमारतीची देखभाल करणारा चित्रकार. वंश व वर्ग यांची नेहमीची जोडी येथे उलटी केली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रेमामुळे क्लोईची वेदना नाहीशी होत नाही. आज तिला कितपत झेपेल, हे रेड विचारू लागतो. एवढाच बदल होतो. प्रेमाने आजार बरा होतो या जुन्या भ्रमाला दिलेला हा नकार आहे. दुखणे राहणार, तरीही सुख शक्य आहे, असे सांगणारी कथा दीर्घकालीन आजार असलेल्या वाचकाला जे देते, ते चमत्काराची कथा देऊ शकत नाही.

स्वानुभवाचा आग्रह आणि त्याची किंमत :

वैविध्यपूर्ण साहित्य कोणी लिहावे, हा प्रश्न ओघानेच येतो. कोरिन डायव्हिस या डच लेखिकेने २०१५ मध्ये 'ओन व्हॉइसेस' ही संज्ञा सुचविली. ज्या समूहाचे चित्रण आहे त्याच समूहातील लेखकाचे पुस्तक, एवढाच तिचा अर्थ होता. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, तत्पूर्वीपासून दलित साहित्याच्या चर्चेत स्वानुभव आणि सहानुभूती यांतील अंतराचा ऊहापोह होत आला आहे. अन्याय सोसणाऱ्याने स्वतः बोलावे, या भूमिकेने मराठी साहित्याला जे दिले ते अन्य कोणत्याही मार्गाने मिळाले नसते.

परंतु स्वानुभवाचे मूल्य मानणे वेगळे आणि लेखकाकडे ओळखीचा दाखला मागणे वेगळे. 'सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा' (२०१५) ही समलिंगी किशोराची कथा लिहिणाऱ्या बेकी अल्बर्टाली यांच्यावर, त्या स्वतः त्या समूहातील नसल्याची टीका सातत्याने होत राहिली. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना आपण उभयलिंगी आकर्षण असलेली व्यक्ती असल्याचे जाहीर करावे लागले. आणि हे आपण स्वेच्छेने निवडलेल्या वेळी घडले नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. ज्या कादंबरीचा नायक आपली ओळख आपल्या इच्छेविरुद्ध उघड होण्याच्या भयाखाली जगतो, तिच्याच लेखिकेवर ही वेळ यावी, यातील विपर्यास पुरेसा बोलका आहे. २०२१ मध्ये 'वुई नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेनेही ही संज्ञा वापरणे थांबविले.

सुखान्ताचा अधिकार :

आता प्रारंभीच्या विधानाकडे वळता येईल. उपेक्षित समूहांतील व्यक्ती साहित्यात मुळीच नव्हत्या असे नाही. त्या होत्या, पण बहुधा दुःख भोगण्यासाठी, इतरांची सहानुभूती जागी करण्यासाठी आणि कथानकाच्या शेवटी नाहीशा होण्यासाठी. जेन ऑस्टेनच्या नायिकांना चुका करूनही सुखी होण्याची मुभा होती. एलिझाबेथ बेनेट आपल्या समाजाचा नमुना ठरत नाही. ती केवळ एलिझाबेथ असते. ही मुभा हाच खरा विशेषाधिकार आहे.

आपल्याकडे नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटाचा शेवट पाहून चित्रपटगृहात पसरलेली शांतता अनेकांना आठवत असेल. तो शेवट सत्य होता आणि आवश्यकही होता. जातीबाहेर प्रेम करणाऱ्यांच्या हत्या घडत असताना खोटा सुखान्त दाखविणे ही फसवणूक ठरली असती. परंतु एखाद्या पिढीला आपल्या प्रेमाचा तेवढाच एक शेवट ठाऊक असावा, हेही भयावह आहे. वास्तवाचे दर्शन घडविणे हे साहित्याचे एक कार्य. वास्तव वेगळे असू शकते अशी कल्पना करण्याचे बळ देणे हे दुसरे. प्रणयकादंबरीला आपण पलायनवादी म्हणतो. मात्र ज्याच्यासाठी सुखाचे दार आजवर बंदच होते, त्याने त्या दारातून आत जाणे याला पलायन म्हणता येणार नाही.

म्हणूनच प्रस्तुत लेखिकेच्या मते वैविध्याची कसोटी मुखपृष्ठावरील चेहऱ्यात नाही. कथेत प्रेम, चूक, विनोद आणि सामान्य भविष्यकाळ कोणाच्या वाट्याला येतो, आणि तो मिळविण्यासाठी त्या व्यक्तीला स्वतःतील काय पुसून टाकावे लागते, ही खरी कसोटी होय. या कसोटीवर 'क्लोई ब्राउन' पूर्णतः उतरते, 'द किस कोशंट' बहुतांशी उतरते आणि 'द ब्राइड टेस्ट' अर्धवट. 'डिंपल'मध्ये सुखान्त आहे, पण त्यासाठी पुसलेल्या गोष्टी आपल्यालाच दिसतात. 'द सन इज ऑल्सो अ स्टार' सुखान्ताची किंमत सांगते, तर 'द हेट यू गिव्ह' सुखान्त नाकारूनही घरातील हास्य शाबूत ठेवते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. वैविध्यपूर्ण साहित्याची चळवळ संख्येच्या मोजणीतून उभी राहिली, आणि ती मोजणी आवश्यक होती. परंतु साहित्यकृतीचे मूल्यमापन संख्येने होऊ शकत नाही.

२. एका समाजातील आरसा दुसऱ्या समाजात अपुरा ठरतो. अमेरिकेतील 'भारतीय' पात्र आपले प्रतिनिधित्व करतेच असे नाही.

३. स्वानुभव हे साहित्याचे सामर्थ्य आहे. त्याचे प्रवेशपत्र होऊ नये.

४. दुःखाच्या चित्रणाइतकेच सुखाचे चित्रणही प्रतिनिधित्वाचा भाग आहे.

शेवटी अध्यापक म्हणून एक विनंती. आपल्या ग्रंथालयांत अशा कादंबऱ्या क्वचितच आढळतात. 'हलके वाचन' म्हणून त्या मागणीच्या यादीतूनच वगळल्या जातात. विद्यार्थी तरीही त्या वाचतात, भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर, एकेकटे, चर्चेविना. त्यांच्या गुणदोषांची चर्चा वर्गात झाली तर 'यात जात का नाही' हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतील आणि त्यातून कदाचित आपल्या भाषेत एखादी वेगळी प्रेमकथा लिहिली जाईल. पुस्तक परत करणाऱ्या त्या विद्यार्थिनीने जाताना विचारले होते, "मॅडम, असं मराठीत काही आहे का?" प्रस्तुत लेखिकेने दोन-तीन नावे सांगितली. ती सर्व पुस्तके चांगली होती; पण त्यांतील एकाचाही शेवट सुखाचा नव्हता, हे तिच्या लक्षात ती मुलगी गेल्यानंतर आले.